मोठ्यानं वाचा, शेठ

भाव केला की भाव वाढवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला.

उस्मानपुऱ्यात एका झेरॉक्सवाल्याला लागून त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकान कसलं, बोळच ती. समोरासमोर दोन माणसं उभी राहिली तर एकाला पोट आत घ्यावं लागायचं. तार ऑफिसातली नोकरी मुदतीआधी सोडून, पन्नाशी उलटल्यावर त्यांनी कॉम्प्युटर शिकून घेतला होता. म्हणून सगळा रस्ता त्यांना तारकाका म्हणायचा. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्या ऑफिसच्या कॉम्प्युटरचा डबा काखेत मारूनच उभा होतो.

"फॉरमॅट मारायचे किती?"

"चारशे."

"तीनशे घ्या."

"साडेचारशे."

मला वाटलं, म्हाताऱ्याला कमी ऐकू येतं. "तीनशे म्हणालो मी."

"पाचशे."

शेजारचा झेरॉक्सवाला भाई पोट धरून हसायला लागला. "सेठ, भाव नक्को करो. चाचा के पास बढ़तेच जाता. पिछले हफ्ते एक वकील साब साडेसातसौ पे जाके रुके!"

मी देवगाव रंगारीहून बोअरच्या गाडीवर पाइप उचलायला आलेला माणूस. त्यातून दोन गाड्यांचा मालक झालो तो भाव करूनच. डिझेलवाल्याशी केला, टायरवाल्याशी केला, लग्नात घोडेवाल्याशी केला. समोरचा रडकुंडीला येईपर्यंत मी सोडत नाही. त्या दिवशी मात्र पाचशेवर गप्प बसलो, कारण मला घाई होती. रविवारी गारखेड्यातल्या एका सोसायटीची बैठक होती आणि त्या डब्यातला एक मेल मला तिथं नेऊन दाखवायचा होता. तो नसता तर गारखेड्यात माझं नाव संपलं असतं. बोअरचा धंदा पाटीवर चालत नाही. तो या गच्चीवरून त्या गच्चीवर बोलण्यातून चालतो.

तर तारकाकांबद्दल माझ्या मनात एक तक्रार आहे, ती त्या पाचशेची नाही. ती पुढं येईल. आधी माणूस सांगतो.

काका शब्द मोजून बोलायचे. इतकी वर्षं तारा केल्या, शब्दामागं पैसे पडतात हे अंगात मुरलेलं. दुकानात कुणी शिरलं की "जय भीम" आणि लगेच "काय?" एवढंच. गिऱ्हाईक सांगायला लागायचं, की काल माझा मेहुणा आला होता, त्याचा मुलगा खेळत होता, मग असं झालं. काका शेवटपर्यंत ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "मेहुणा काढा. परत सांगा." गिऱ्हाईक बावचळून मेहुण्याशिवाय सांगायचं. मग, "मुलगा काढा." तिसऱ्या वेळी गोष्ट चार शब्दांवर यायची, "मशीन चालू होत नाही", आणि काका पेचकस उचलायचे.

अंगात पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, एक निळं, एक लाल. दुष्काळाची वर्षं होती, शहराला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, तरी त्यांच्या दुकानाबाहेर रांजण भरलेला असायचा. आत मात्र पाण्याचा थेंब आणू द्यायचे नाहीत. एकदा एक साहेब हातात बाटली घेऊन आत आले. काकांनी मशीन बंद केलं, टेबलावर कापड टाकलं आणि हाताची घडी घालून बसले. साहेबांना कळायला पाच मिनिटं लागली.

पण त्यांची खरी ओळख म्हणजे त्यांची वाचायला लावण्याची पद्धत. व्हायरस लागलेलं मशीन पुसून साफ करायचं म्हणजे आधी त्यातलं सगळं बाहेर काढून ठेवायचं, हे सगळेच दुरुस्तीवाले करतात. निदान तसं सांगतात तरी. काका मेलची अख्खी फाइल काढायचे, दुसऱ्या चांगल्या मशीनवर चढवायचे, आणि मग गिऱ्हाइकाला स्टुलावर बसवून म्हणायचे, "तीन वाचा. सगळ्यात जुना, सगळ्यात नवा आणि तुम्हाला लागतो तो. मोठ्यानं."

"मोठ्यानं कशाला?"

"मनात वाचताना माणूस फसवतो."

तिन्ही मेल वाचून झाल्याशिवाय ते जुन्या मशीनला हात लावायचे नाहीत. कुणी कितीही आरडाओरडा करो. मीही चिडून म्हणालो, "अहो, तुम्ही कॉपी केलंय ना? मग झालं की." त्यावर ते जे बोलले ते त्यांच्या मानानं भाषणच होतं. "तार ऑफिसात 'पाठवली' म्हणणाऱ्याचं आम्ही ऐकत नव्हतो. 'मिळाली' म्हणणाऱ्याचं ऐकायचो."

या वाचनामुळं त्या बोळीत काय काय ऐकायला मिळायचं! तेच ते साडेसातशेवाले वकील, हे मला भाईनं सांगितलं. बायकोचा मेल त्यांना मोठ्यानं वाचावा लागला: "येताना गवार आणू नका, कालचीच तशी पडली आहे, आणि तुमच्या आईला फोन करा म्हणजे त्या मला करणार नाहीत." भाई झेरॉक्स काढायचा थांबला होता. त्यानंतर तो वकील दिसला की, "क्या साब, गवार?" म्हणायचा.

आणि एक बाई आल्या होत्या, नवरा जाऊन दोन महिने झालेल्या. मशीन मुलीला द्यायचं होतं, म्हणून साफ करून हवं होतं. "त्यात काही नाही हो, ते कुणाशी बोलायचेच नाहीत," म्हणाल्या. काकांनी स्टूल पुढं केलं. नवऱ्यानं वीज कंपनीला साठ मेल पाठवले होते, सगळे एका रस्त्यावरच्या दिव्याबद्दल. पहिला अतिशय नम्र. मधल्यात थोडा आवाज चढलेला. शेवटच्यात त्या माणसानं लिहिलं होतं, की माझी बायको संध्याकाळी दूध आणायला याच वळणावरून येते, तेवढ्यासाठी मी लिहीत राहीन. बाईंनी तो मोठ्यानं वाचला आणि नंतर कितीतरी वेळ त्या स्टुलावरच बसून होत्या. काकांनी पैसे घेतले. पूर्ण घेतले. मी हे सांगतोय ते मी तिथं उभा होतो म्हणून, आणि खरं सांगायचं तर मला तेव्हा माझ्या मशीनला उशीर होतोय याचाच राग येत होता.

आता माझ्या मशीनचं सांगतो.

गारखेड्यात एका बिल्डरनं तीन मजल्यांच्या तीन इमारती उभ्या केल्या. ते वर्षच तसं होतं, एकीकडं विहिरी आटत होत्या आणि दुसरीकडं रोज नवी गच्ची उभी राहत होती. बोअर मला मिळाला. मी जागा बघितली. माझं म्हणणं, पॉईंट मागच्या भिंतीपाशी घ्या, तिकडं नाला आहे, शेजारच्या तीन बोअरना त्याच पट्ट्यात पाणी आहे. बिल्डरला मागं पार्किंग हवं होतं. त्यानं गेटजवळचा कोपरा दाखवला. मी त्याला मेल लिहिला. वर तारीख, खाली मजकूर, अगदी पत्रासारखा: कोपऱ्यात पाणी टिकणार नाही, नंतर मला बोलू नका, शेजारच्या बोअरचे नऊ फोटो जोडले आहेत. मग कोपऱ्यात बोअर मारला. पाणी लागलं. फ्लॅट विकले गेले, लोक राहायला आले. पुढच्या उन्हाळ्यात बोअर कोरडा ठणठणीत.

टँकर सुरू झाले. सोसायटी चिडली. बिल्डर म्हणाला, पॉईंट बोअरवाल्यानं काढला. मी म्हणालो, मी लेखी सांगितलंय. तो म्हणाला, मला काही आलेलं नाही. महिनाभर मी त्याला दिसेल तिथं खोटारडा म्हणत होतो, एकदा तर पेट्रोल पंपावर, चारचौघांत. सोसायटीच्या अध्यक्ष बाई, निवृत्त मुख्याध्यापिका, शांतपणे म्हणाल्या, "मग मेल दाखवा की. रविवारी आणा."

आणि त्याच आठवड्यात मशीनला रोग लागला. साइटवरचे फोटो आम्ही पेन ड्राइव्हवरून फिरवायचो, आज या दुकानात, उद्या त्या. त्यातून काहीतरी घुसलं. फोल्डर उघडावं तर उघडत नव्हतं, चालू करायला अर्धा तास लागत होता, आणि मधूनच पडद्यावर अशी चित्रं यायची की ऑफिसात बायको आली तर मी पडद्यासमोर उभा राहायचो.

मी काय कच्चा नव्हतो. मेल आधीच काढून ठेवला होता. पडद्यावर मेलचं पाकिटाचं चित्र असतं ना, ते उचलून पेन ड्राइव्हवर टाकलं होतं. काकांसमोर तो ड्राइव्ह आपटला आणि म्हणालो, "बॅकअप मी घेतलाय. तुम्ही फक्त पुसा. आणि तेवढे शंभर कमी करा."

"साडेपाचशे," काका म्हणाले आणि ड्राइव्ह त्यांच्या मशीनला लावला. पाकिटाचं चित्र दिसलं. त्यांनी ते दाबलं. काही उघडलं नाही.

"ही घराची पाटी झाली," ते म्हणाले. "घर कुठंय?"

"म्हणजे?"

"आत काही नाय. हा रस्ता दाखवणारा बाण आहे. मशीन पुसलं असतं तर बाण राहिला असता."

मी दुसऱ्या एका दुकानात जाणार होतो. तिथं तासाभरात पुसून देतो म्हणाले होते. पण मी तोंडानं म्हणालो, "ठीक आहे, मग काढा की तुम्ही."

दोन दिवस लागले. आजारी मशीनमधून हार्ड डिस्क काढून, दुसरीकडं लावून, साफ करत करत त्यांनी मेलची फाइल शोधली. ती कुठल्या तरी लपलेल्या फोल्डरात, सात दरवाजांच्या आत होती. शनिवारी दुपारी मला बोलावणं आलं. "वाचायला या."

सगळ्यात जुना मेल पाइपवाल्याचा होता. वाचला. सगळ्यात नवा एका सिमेंट कंपनीचा, बक्षीस लागल्याचा. "तो व्हायरस आहे," काका म्हणाले, "तरी वाचा." वाचला.

"आता लागतो तो."

मी पाठवलेल्या मेलचं फोल्डर उघडलं. खाली गेलो. वर आलो. त्या महिन्यातले सगळे मेल होते, तेवढाच नव्हता. माझे कान तापले. "तुम्ही उडवला!" मी ओरडलो. "दोन दिवस लावले आणि नेमका तोच उडवला! रविवारी मी काय तोंड दाखवू तिथं?"

भाई मशीन सोडून दारात आला. "अरे सेठ, आस्ते."

काकांनी माझ्या हातातून माउस घेतला. डाव्या बाजूच्या एका फोल्डरवर नेला. आउटबॉक्स. त्यात एकच मेल होता. बिल्डरचं नाव, नऊ फोटो.

"हाच का?"

"हाच! बघा, आहे की!"

"वाचा. मोठ्यानं, शेठ."

मी वाचला. जोरात वाचला, भाईलाही ऐकू जावा म्हणून. संपल्यावर काकांनी बोटानं फोल्डरचं नाव दाखवलं. "हे फोल्डर निघायला उभ्या असलेल्या पत्रांचं. हा गेलाच नाही. फोटो जड होते. मशीन सांगत असणार तुम्हाला."

मशीन सांगत होतं. ते मला तेव्हा आठवलं. मधूनमधून एक छोटी खिडकी यायची, इंग्रजीत दोन ओळी, आणि मी दर वेळी तिच्यावर फुली मारून ती बंद करायचो. महिनोन् महिने. मला वाटायचं, जाहिरात आहे.

म्हणजे बिल्डर खरं बोलत होता.

काका तेवढ्यावर थांबले नाहीत. त्यांनी मेलवरची तारीख बघितली.

"बोअर कधी मारला?"

"दुसऱ्या दिवशी. सकाळी सातला."

"उत्तर काय आलं होतं?"

मी स्टुलावरून उठलो.

"उत्तर आलं नव्हतं, तरी गाडी लावली?"

हीच माझी तक्रार. हा प्रश्न त्यांनी भाईसमोर विचारला. दुकानाचं दार उघडं होतं, बाहेर रांजणावर दोन माणसं पाणी पीत होती. एकट्याला सांगता आलं असतं. दार लोटून घेता आलं असतं. मी पैसे देणारं गिऱ्हाईक होतो, आरोपी नव्हतो.

"गाडी एक दिवस उभी राहिली की काय होतं माहितंय का तुम्हाला?" मी म्हणालो. "चार माणसं बसून खातात."

"मी ते नाही विचारलं."

मग मी जे बोललो ते लिहायला मला आवडत नाही, पण मी ते बोललो. "काका, हे एक फोल्डर राहू द्या. बाकीचं सगळं मला द्या आणि मशीन पुसून टाका."

"निवडून घेत नाय मी. सगळं, नायतर काहीच नाय."

"मशीन माझं आहे."

"व्हय. उचला."

उचलून जाणार कुठं? मी म्हणालो, द्या सगळं. त्या मेलचा कागद तेवढा काढून द्या. त्यांनी प्रिंट काढली, आणि खिशातलं लाल पेन घेऊन वरच्या कोपऱ्यात लिहिलं: आउटबॉक्समधून. पाठवलेलं नाही. खाली सही.

"हे कुणी सांगितलं तुम्हाला लिहायला?"

"माझ्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक कागदावर लिहितो. कुठून आला ते."

मी तो कागद त्यांच्यासमोर फाडला. साडेपाचशे टेबलावर टाकले. काकांनी सगळे मेल उतरवून दिलेली डीव्हीडी उचलली आणि गारखेड्याला येऊन दुसऱ्याच दुकानात स्वच्छ प्रिंट काढली. वर तारीख, खाली मजकूर. कोपरा कोरा.

दुसऱ्या दिवशी बैठक इमारतीखाली होती. प्लास्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, एका बाजूला रिकामा होत असलेला टँकर, त्याचा पाइप सगळ्यांच्या पायातून गेलेला. मी कागद अध्यक्ष बाईंच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावला, सगळा वाचला आणि बिल्डरकडं असं बघितलं की मला शाळेतले दिवस आठवले.

"हे काय आहे?"

"बाई, खरंच नाही आला हो." बिल्डर मोबाईल पुन्हा पुन्हा खाली-वर करत होता. "बघा ना तुम्हीच. आईची शपथ, नाही आला."

"आता शपथा घ्यायला लागला," मागून एकजण म्हणाला. "घरं विकताना नाही घेतल्या." लोक हसले. बिल्डरच्या कानाजवळून घाम ओघळत होता. मी त्याला महिनाभर बघत होतो आणि तो खोटं बोलताना असाच दिसतो असं समजत होतो. तो खरं बोलताना असा दिसत होता.

मी जिंकलो होतो. नुसतं गप्प बसायचं होतं.

मी का बोललो, ते मला आजही नीट सांगता येत नाही. चांगुलपणा वगैरे नव्हे. रागच होता. निम्मी कामं मी रागातच केलीत. पण तो राग बिल्डरवर नव्हता, उस्मानपुऱ्यातल्या त्या म्हाताऱ्यावर होता. त्याचा तो प्रश्न उद्या इथलं कुणीतरी विचारणार, आज नाही तर वर्षानं. तो पुन्हा दुसऱ्याच्या तोंडून मी ऐकणार नव्हतो.

"त्याला आला नाही," मी म्हणालो. "माझ्याकडून गेलाच नाही. मशीनमध्येच अडकला होता. आणि उत्तराची वाट न बघता मी सकाळी गाडी लावली."

जो गलका झाला तो टँकरच्या मोटरच्या वर ऐकू येत होता. "मग फसवलंच की!" "एवढे दिवस दुसऱ्याच्या नावानं!" बिल्डर उठून माझ्या अंगावर आला. "पंपावर मला काय म्हणाला होतास? म्हण आता परत!" मी म्हणालो, "चुकलो." हा शब्द मी धंद्यात कधी वापरला नव्हता. तो इतका छोटा निघाला की बिल्डर दोन पावलं मागं सरला.

मग मी मूळ स्वभावावर आलो. "आता ऐका. दुसरा बोअर मागच्या भिंतीपाशी. गाडी माझी, माणसं माझी, डिझेल माझं. आत घालायचा पाइप बिल्डरचा. पार्किंगची एक जागा सोसायटीची."

"पाइप मी का देऊ?" बिल्डर तडकला.

"मेल मिळाला नसेल तुला. पण कोपऱ्यावर बोट ठेवलं होतंस ना तू?"

तो अर्ध्या पाइपावर आला. मी पूर्ण म्हणालो. बाईंनी टेबलावर हात आपटला. "पूर्ण. आणि तुम्ही दोघं आता बसा."

त्यानंतर मी तारकाकांच्या दुकानात एकदाच गेलो, नव्या मशीनचं काहीतरी घेऊन. भाईनं सगळं सांगितलं असणार, त्याच्या कानावर गारखेड्याचं काहीही येतं. काकांनी एवढंच विचारलं, "पाणी?" मी म्हणालो, "दीड इंच." त्यांनी मान हलवली आणि कामाचे सहाशे सांगितले. मी भाव केला नाही. पुढं ते मुलीकडं राहायला गेले आणि त्या बोळीत मोबाईलची कव्हरं आली. दार लोटून घ्यायला हवं होतं, हे माझं म्हणणं अजून तेच आहे. भेटले तर तोंडावर सांगेन.

पण त्या बोअरचं सांगायचं राहिलं. पाणी नंतर लागलं. त्याआधी सकाळी गाडी मागच्या भिंतीपाशी उभी होती, माझी चार माणसं कमरेवर हात ठेवून, गच्चीतून बायका वाकून बघत होत्या. ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. बिल्डर भिंतीला टेकून मोबाईल बघत होता. मी ड्रायव्हरला बंद करायला लावलं.

"काय झालं?" बिल्डर म्हणाला. "लाव ना. ऊन चढतंय."

"या पॉईंटला तुझी हरकत नाही ना?"

"काल ठरलं की सगळं."

"मला आत्ता सांग. हो का नाही?"

त्यानं माझ्याकडं बघितलं, वर गच्चीकडं बघितलं. "तुझं डोकं फिरलंय."

"फिरू दे. गाडी उभी राहील दुपारपर्यंत, मला चालतं."

चौघं माणसं एकमेकांकडं बघायला लागली. त्यांनी मला गाडी उभी ठेवताना कधी पाहिलं नव्हतं. बिल्डरनं मोबाईल खिशात टाकला.

"हो," तो म्हणाला.

"वरच्यांना ऐकू नाही गेलं."

"हो! हो म्हणतोय ना, बाबा! मार!"

मी ड्रायव्हरला हात केला.